उतरत गेलेला सूर

सेरेकुंडाच्या बाजारात मासेमारीच्या सामानाच्या दुकानापुढे उभा राहून केबा वाद्याला लावायची नायलॉनची तार बोटांवर ताणून बघत होता, तेवढ्यात शेजारच्या मोबाइलच्या दुकानातून त्याला स्वतःचाच खोकला ऐकू आला. खोकल्यावरून आपण आपल्याला ओळखू शकतो हे त्याला आजवर माहीत नव्हतं. खोकल्यामागोमाग कोऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या भोपळ्याच्या वाद्याच्या, एकवीस तारांवरून घरंगळत खाली आलेली एक लांब सरसर, ती फामाराची, थोरल्या भावाची; आणि ती संपता संपता अगदी वेळेवर, दार उघडंच होतं अशा थाटात आत शिरलेला दुसूवहिनीचा आवाज. बकाऊतलं लग्न, नऊ वर्षांपूर्वीचं. तेव्हा कुणीतरी ते टेपवर घेतलं असणार, आणि आता ते या फोनमधून त्या फोनमध्ये फिरत इथवर आलं होतं. केबाला बरं वाटलं. भर दुपारी, सुक्या मासळीच्या वासात, घरचीच माणसं भेटल्यासारखं झालं. सकाळी एका बारशाला वाजवून भाऊ आणि वहिनी गाडीनं पुढे गेले होते, तार घ्यायला तो एकटा मागे राहिला होता, आणि कापडात गुंडाळलेला त्याचा कोरा खांद्यावरच होता. त्यानं कापडाच्या फटीतून अंगठा आत घातला आणि सगळ्यात जाड तार सहज छेडली, त्या जुन्या वाजवण्याला ओ द्यावी म्हणून. तार बोलली, पण मिळाली नाही. थोडीथोडकी नव्हे, चांगली एक पायरी खाली. त्यानं पुन्हा छेडली. दुकानदारानं विचारलं, तार घ्यायचीय की इथंच मैफल करायचीय. केबानं तार घेतली, शेजारच्या पोराकडून ते गाणं फोनमध्ये उतरवून घेतलं आणि निघाला.

घरी, ब्रिकामाला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसल्यावर त्यानं मनाची समजूत घालायला सुरुवात केली. ती टेपच जोरात पळत असेल. जुन्या यंत्रांचं काय सांगावं, पळत्या टेपवर सगळेच सूर वर चढतात. पण मग तो खोकला? टेप पळती असती तर खोकलाही चिमणा झाला असता, आणि तो तर त्याचाच होता, छातीच्या तळातून आलेला, दर हिवाळ्यात धूळ उडायला लागली की येणारा. खात्री करून घ्यायला तो गाडीत एकदा खोकला. मग पुन्हा एकदा. शेजारच्या बाईनं मांडीवरचं टोमॅटोचं घमेलं दुसऱ्या बाजूला सरकवलं. खोकला तोच होता. म्हणजे टेप खरी होती आणि सकाळी बारशाला वाजवलेलं सगळं एक पायरी खाली होतं, आणि हे त्याला माहीत नव्हतं असं नाही; किती खाली, एवढंच माहीत नव्हतं. एक केस, फार तर दोन केस, असं तो धरून चालला होता. माणूस लपवायला लागला की मोजणं सोडून देतो, हे त्याला त्या गाडीत पहिल्यांदा नीट कळलं.

दोन वर्षांपूर्वी त्याला हिवताप झाला होता. महिनाभर अंथरुणावर, त्यात कुनैनची इंजेक्शनं, कानात सतत घुंई असा आवाज. उठल्यावर पहिलंच बारसं, आणि तिथं फामारानं तारा छेडल्या तेव्हा केबाला वाटलं, हा उतरलाय. किंचित, पण उतरलाय. तारा मिळवायच्या त्या थोरल्यानं आधी आणि धाकट्यानं त्याच्यावरून, हा घरचा रिवाज. वडिलांच्या वेळेपासून त्यात बदल नाही. तेव्हा केबानं काय करावं? सगळ्या पाहुण्यांपुढे 'कोतो, तुझी तार खाली आहे' असं म्हणावं? थोरल्या भावाला कोतो म्हणायचं आणि त्याच दमात त्याच्या कानांची चूक काढायची, हे त्याच्या तोंडून जन्मात झालं नसतं. त्यानं दांड्यावरची, तारा ताणून धरणारी चामड्याची वळी एकेक करून अंगठ्यानं खाली सरकवली आणि स्वतःचा कोरा भावाच्या चुकीला मिळवून घेतला. कुणाला काही कळलं नाही. दोन कोरे एकमेकांना मिळालेले असले की जगाला ते बरोबरच वाटतात. त्यानंतर दर वेळी हेच. फामारा त्रेसष्टीला आला होता, रेडिओ मोठा करायचा, बोललेलं दोनदा विचारायचा. सगळं जुळत होतं. आणि केबा दर बारशाला, दर लग्नाला, भावाच्या तारांवर कान लावून बसायचा आणि त्या उतरल्या की मुकाट्यानं आपल्या उतरवायचा. भावाची अब्रू आपण राखतोय या विचारात थोडी मजाही होती. ती होती, हे कबूल करायला तो तयार नव्हता.

कारण लहानपणापासून त्याच्या वाट्याला आलेली जागा खालची होती. वडिलांनी दोघांना समोरासमोर बसवून शिकवलं. फामाराला मोकळं फिरू दिलं, वरच्या तारांवर धावू दिलं, आणि केबाला नवव्या वर्षापासून दोन पावसाळे एकच फेरा धरायला लावला, तोच चार बोटांचा फिरता फेरा, सकाळी नमाजानंतर आणि संध्याकाळी गुरं आल्यावर. तू जमीन हो, वडील म्हणायचे, हा चालेल. केबा रडायचा. मग कधीतरी रडणं थांबलं आणि त्याला लक्षात आलं की चालणाऱ्याबद्दल जे जमिनीला कळतं ते चालणाऱ्यालाही कळत नाही. फामारा धावता धावता कुठे दम घेणार, कुठे उगाच लाडात येऊन एकाच तारेवर रेंगाळणार, कुठे त्याला पुढचं सुचत नाहीये आणि तो केबाच्या फेऱ्यात काही सापडतंय का ते शोधतोय, हे त्याला भावाच्या खांद्यावरून कळायचं. एकदा काफुंतिंग गावी भर गाण्यात फामाराची तार तुटली. ती तार जिथं बोलायची तिथं पुढच्याच वळणाला केबाच्या फेऱ्यातून तो सूर आला. दोघांनी मान वर केली नाही. त्या दिवशी जेवताना फामारानं स्वतःच्या पुढचा मासा उचलून त्याच्यापुढे ठेवला आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत राहिला. असल्या माणसाचे कान गेलेत हे सांगायचं कुणी आणि कुठल्या तोंडानं.

आणि सांगायला हवं होतं, रविवारच्या आत. रविवारी ब्रिकामातच मोठं लग्न होतं, नवरीकडची माणसं वरच्या अंगाची, नदीकाठची, आणि ते आपला बालाफोनवाला घेऊन येणार होते, मोरीबा नावाचा. बालाफोन म्हणजे लाकडाच्या पट्ट्या. त्या तासल्या तेव्हा ज्या सुरात बसल्या त्यात बसल्या, त्यांना वळी नाहीत आणि त्यांना कुणाची भीड नाही. कोरेवाल्यांनी त्यांना मिळवून घ्यायचं, थोरल्यानं आधी, आणि तेही सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या जालींच्या, आपल्यासारख्याच पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या देखत, म्हणजे ज्यांचं आयुष्य लोकांची कुळं तोंडपाठ ठेवण्यात आणि एकमेकांच्या चुका त्याहून पक्क्या ठेवण्यात गेलं अशांच्या देखत. फामारा लाकडाला मिळवायला बसेल, मिळणार नाही, तो पुन्हा बसेल, आणि कुणीतरी हळूच घसा खाकरेल. पुढचं केबाला मनातही आणवत नव्हतं. जालीचे कान गेले की त्याला कुणी हाकलत नाही. फक्त बोलावणं त्याच्या भावाच्या नावानं यायला लागतं.

संध्याकाळी तो भिंतीपलीकडे भावाच्या अंगणात गेला. एकच आवार, मधे कमरेएवढी, बसलेला माणूस पलीकडून दिसू नये अशी विटांची भिंत, ती वडील गेल्यावर दोघांच्या बायकांच्या सोयीसाठी घातलेली. फामारा कोळशाच्या शेगडीवर चहा उकळत बसला होता, रेडिओ अख्ख्या गल्लीला बातम्या सांगत होता. केबा म्हणाला, रविवारी बालाफोन आहे. फामारा म्हणाला, काय? केबानं पुन्हा सांगितलं. असू दे की, फामारा म्हणाला, लाकूड सांगेल ते ऐकायचं. मग चहा एका पेल्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतत, फेस काढत, त्यानं विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना, कसकस वगैरे नाही ना. केबाला ते लागलं. हा स्वतः बुडतोय आणि माझा ताप विचारतोय. त्यानं चहा घेतला, रिवाजाप्रमाणे तीनदा उकळलेला तिन्ही वेळा घेतला, आणि सांगायचं ते न सांगताच उठून आला. त्याच्या बायकोनं, न्यिमानं, सगळं ऐकून सांगितलं की पुरुषांना असल्या गोष्टी बायकोनं सांगितल्या तरच पचतात, वहिनीला गाठ. तो दुसूकडे गेला. ती कांदा चिरत होती. त्यानं आडून आडून विचारलं, कोतोच्या ऐकण्यात काही फरक वाटतो का. दुसूनं मान वर न करता सांगितलं की लग्न झाल्यापासून त्यानं तिचं एकही बोलणं ऐकलेलं नाही, तेव्हा फरक कशावरून कळणार. केबा हसला नाही. तिनं सुरी थांबवून त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा कांद्याकडे वळली. तारांचं मला विचारू नकोस, एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तो उठला तो ठरवूनच. तोंडानं सांगता येत नसेल तर तारांनी सांगायचं. अंगणात पेरूच्या झाडाखाली बसून त्यानं फोनवर ते बकाऊचं गाणं लावलं, कानाशी धरलं, आणि वळी वर सरकवायला लागला. एकवीस वळी. दोन वर्षांत चामडं दांड्यावर जिथं तिथं घर करून बसलं होतं, ते हलायला तयार होईना. पाणी लावलं, अंगठ्याचं कातडं सोललं, मधली एक तार तुटली ती बदलली. अर्धा तास गेला. मग जाड तार छेडली आणि ती त्या जुन्या लग्नाला मिळाली, आणि अंगणातली हवा एकदम कोरडी झाल्यासारखी वाटली. हा सूर आपण विसरलो होतो, त्याच्या मनात आलं. मग त्यानं फेरा धरला, भिंतीकडे तोंड करून, एरवीपेक्षा जोरात. थोडे जरी कान शिल्लक असतील तर भावाला कळेल की काहीतरी वर गेलंय. आणि कळलंच नाही, त्यानं नेहमीसारखं खालीच वाजवलं, तर मग केबाला कळेल. त्या दोनपैकी कुठलं जास्त वाईट, हे तो ठरवू शकत नव्हता.

पलीकडे काहीच नव्हतं. रेडिओसुद्धा बंद होता. फेरा फिरत राहिला, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा. रस्त्यावर पाववाल्याची सायकल गेली. केबाच्या काखेत घाम आला. लहानपणी तो असाच फेरा धरून बसायचा आणि फामारा मुद्दाम आत यायचा नाही, त्याला रडवायला. पण तेव्हा तो समोर बसून हसताना दिसत तरी होता. मग भिंतीपलीकडे एक बारीक आवाज झाला. कर्रर्र. ओलं चामडं लाकडावरून सरकताना होतो तो. केबाचे हात चालूच होते, कान मात्र सगळे तिकडे. पुन्हा कर्रर्र. तीन. चार. प्रत्येकानंतर एक तार हलकेच छेडलेली, प्रत्येक तार वर चढून थेट जागेवर बसलेली, एकदाही पुढे गेली नाही, एकदाही मागे राहिली नाही. नऊ. दहा. केबा मोजत होता आणि आपण मोजतोय हे त्याला कळत नव्हतं. एकवीस. बाविसावं वळं नव्हतंच. क्षणभर शांत झालं, आणि मग वरच्या तारेवरून ती सरसर निघाली, नऊ वर्षांपूर्वीची, आजची, भिंतीवरून घरंगळत त्याच्या फेऱ्यात अशी येऊन पडली की मधे भिंत आहे हे भिंतीला पटलं नसतं. गेले नव्हते. कान गेले नव्हते. केबाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. त्याला एवढं हलकं वाटलं की भीतीच वाटली.

वाजवणं थांबलं तेव्हा फामारा भिंतीपाशी येऊन उभा होता, बनियनवर, कोरा पोटाशी धरून. त्याचेही डोळे कोरडे नव्हते.

"आले का रे तुझे कान परत?" त्यानं विचारलं.

केबाला काही कळेना. "माझे?"

"मग कुणाचे? त्या कुनैननं तुझे कान नेले. पहिल्याच दिवशी तू इथं वाजवायला बसलास, सगळं खाली. मी म्हटलं, आत्ताच आजारातून उठलाय, याला कशाला सांगा. मीच खाली आलो. तेव्हापासून रोज सकाळी भिंतीला कान लावून बसतोय, आज हा कुठे आहे ते बघायला."

"कोतो, बारशाला तू खाली होतास. मी तुझ्यामागे आलो."

"मी तुझ्यामागे आलो होतो."

केबाच्या डोळ्यांपुढे ते सगळं उलगडत गेलं: महिनाभर खुंटीला लटकलेला आपला कोरा, तारा सैल पडलेल्या, आणि आपण त्या आपसात मिळवून घेतल्या, कुणाचा सूर न घेता, भिंतीपलीकडे त्यानं ऐकलं, आपल्या तारा खाली घेतल्या, त्या दिवसभरात आणखी केसभर सैलावल्या, बारशाला आपण त्या ऐकल्या आणि त्याहून खाली गेलो, दुसऱ्या सकाळी त्यानं पुन्हा. दोन वर्षं एकेका केसानं दोघं जिना उतरत होते, दोघांचाही समज असा की पुढच्याला दिसत नाहीये म्हणून आपण सोबत जातोय. दोन वर्षं केबानं भावाकडे करुणेनं पाहिलं होतं आणि तेवढ्याच करुणेनं भाऊ त्याच्याकडे पाहत होता. त्याला आधी लाज वाटली, मग संताप आला, मग हसू यायला लागलं ते थांबेना. फामारा भिंतीवर कोपर टेकून हसत होता, त्याचं पोट कोऱ्याच्या भोपळ्यावर आपटत होतं आणि भोपळा घुमत होता.

दुसू डाव घेऊन दारात आली होती. "दोघं एकमेकांच्या मागे, आणि पुढे कोणीच नाही," ती म्हणाली. "सासरे असते तर एकाच चपलेनं दोघांना झोडपलं असतं."

"तुला कळत होतं?" फामारानं विचारलं.

"गळा माझा आहे. मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

ती डावाकडे बघत राहिली. चेष्टा तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू उतरली. तीन पावसाळ्यांपूर्वीपासून वर गेलं की तिचा आवाज फाटायला लागला होता, हे तिनं सांगितलं, कुणाला तरी भाजीचा भाव सांगावा तशा सुरात. ती मधाचं पाणी घ्यायची, सगळ्यांच्या आधी उठून विहिरीपाशी घसा तापवायची, तरी फाटायचा. मग सूर खाली यायला लागला.

"मला वाटलं, तुम्ही दोघं माझ्यासाठी उतरताय," ती म्हणाली. "मला लाज वाटू नये म्हणून न सांगता. इतकं बरं वाटलं होतं मला, की विचारायची हिंमतच झाली नाही. नाही म्हणाला असतात तर?"

केबाला आठवलं, कांदा चिरताना तिनं तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं. एवढे कान लावून बसलेले दोघं भाऊ, आणि मधे बसून गाणाऱ्या बाईचा आवाज फाटत होता ते एकालाही ऐकू आलं नव्हतं. चूक शोधायच्या नादात त्यांनी गाणं ऐकणंच सोडलं होतं. फामारानं कोरा भिंतीवर ठेवला आणि रविवारचं काय, असं अर्धवट पुटपुटला. रविवारी लाकूड वर असणार होतं. दुसू म्हणाली, रविवारचं रविवारी बघू, करपतंय आत, आणि गेली.

रविवारी मोरीबा आला तो तोंडाळ निघाला. तुमच्या दोऱ्या उन्हात वाळत घातल्या होत्या की काय, मिळवायला किती वेळ लावता, असं त्यानं बसल्याबसल्याच सुरू केलं, आणि फामारानं त्याला तुझ्या पट्ट्या चुलीला बऱ्या आहेत असं सुनावत सुनावत एकवीस तारा लाकडाला मिळवल्या, भरभर, गप्पा न थांबवता. केबानं त्याच्यावरून घेतल्या. मंडप भरला होता, बायकांनी लोखंडी नळ्यांवर ठेका धरला, दुसू उभी राहिली आणि नवरीच्या कुळाची नावं गायला लागली. खालच्या भागात तिचा आवाज नेहमीसारखा होता, जाड, उबदार, कुणाची पर्वा नसलेला. पण गाण्यात एक जागा अशी होती की जिथं पणजोबाचं नाव वर नेऊन तिथंच धरायचं, आणि ती जागा जवळ येत होती. ठरवलेलं काही नव्हतं. असल्या गोष्टी ठरवता येत नाहीत. केबाला दुसूची मान दिसत होती, तिनं श्वास घेतला तो पुरा घेतला नाही हे त्याला दिसलं. त्यानं फेरा किंचित दाबला, आवाज खाली आणला, जागा केली. त्याच क्षणी फामाराचा खांदा वर गेला आणि ती वरची हाक त्यानं तारांवर घेतली, गळ्यातून यावी तशी, लांब, आणि तिथंच धरून ठेवली. मोरीबानं एकदा मान वर केली आणि काठ्या उचलून धरल्या. आणि त्या धरलेल्या सुराखाली दुसू गायली नाही, बोलली. पणजोबाचं नाव, त्याच्या आईचं नाव, त्यानं दुष्काळात कुणाला धान्य दिलं त्यांची नावं, शेजारणीशी बोलावं तसं साध्या बोलण्यात. मंडपात लोखंडी नळ्या आपोआप थांबल्या. नवरीची आजी उठून पुढे आली, दुसूच्या हाताला धरून उभी राहिली आणि रडायला लागली. केबा फेरा धरून होता आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो भावाचं वाजवणं नुसतं ऐकत होता. किती सुंदर वाजवतो हा, त्याला वाटलं, आणि आपण एवढे दिवस कुठे होतो.

जेवायच्या वेळी तिघं एकाच परातीभोवती बसले. दुसूनं बराच वेळ भाताचा घास नुसता मुठीत वळवला. मग विचारलं, मान खाली घालूनच.

"ते माझ्यासाठी होतं ना?"

"हो," फामारा म्हणाला.

"हो, वहिनी," केबा म्हणाला.

तिनं घास तोंडात टाकला, नीट चावून खाल्ला. "मग ती दोन वर्षंही माझ्यासाठीच होती असं मी धरते," ती म्हणाली.

फामारानं परातीतला मासा तिच्याकडे सरकवला. "धर," तो म्हणाला.